दारापाशी थांबणारी पावलं

आपल्या भाषेतल्या सिनेमात गेली कित्येक वर्षं नायक चालतो, पण चाल त्याची नसते. पडद्यावर कोणी का असेना, देखणा असो, ढेरपोट्या असो, फौजदार असो नाहीतर मास्तर, पावलं वाजतात ती एका मेलेल्या माणसाच्या जोड्यांची. प्रेक्षकांना हे ठाऊक नाही तेच बरं. कळलं असतं तर निम्मे लोक मध्यंतराआधीच घरी पळाले असते.

ते जोडे घालून चालायची वहिनी. ती कुणाची सख्खी वहिनी नव्हती. पण सिनेमाच्या धंद्यात लाइटवाल्यापासून निर्मात्यापर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणायचे, कारण तिचा नवरा सगळ्यांचा दादा होता. काम तिचं असं, की चित्रीकरणाच्या वेळी माणसांचे संवाद पकडले जातात, पण त्यांची पावलं, कपड्यांची सळसळ, पेला ठेवल्याचा आवाज हे काही धड येत नाही. ते मागाहून भरावं लागतं. स्टुडिओच्या मागच्या अंगाला एक बंद खोली होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, जमिनीवर लाकडी चौकटींत वाळू, खडी, फरशीचे तुकडे. कोपऱ्यात एक लाकडी जिना होता, सरळ भिंतीत जाऊन संपणारा. समोर पडदा. पडद्यावरचा माणूस चालला की वहिनी चालायची, तो जिना चढला की ती चढायची, आणि काचेपलीकडच्या खोलीत यंत्रावर बसलेला मामा ते रेकॉर्ड करायचा. गवतावरून चालायचं असलं की खराब झालेल्या टेपांचा गुंता जमिनीवर पसरायचा. त्यावरून चाललं की हुबेहूब गवत वाजतं. त्या गुंत्यात कुठल्या टेपा होत्या ते पुढं येईलच.

तर तिचा नवरा. धंद्यात त्याला गप्पदादा म्हणत. तो ध्वनिमुद्रक होता आणि प्रत्येक शॉटआधी असा काही 'गप्प!' म्हणून ओरडायचा की बाहेरच्या रस्त्यावरची कुत्रीसुद्धा वरमायची. चित्रीकरण संपलं की सगळ्यांना हाकलून द्यायचा आणि रिकाम्या खोलीची शांतता टेपवर घ्यायचा. हे सगळेच ध्वनिमुद्रक करतात. प्रत्येक जागेची शांतता निराळी असते, संवाद जोडताना ती मधे भरावी लागते. पण गप्पदादाला त्याचा नादच होता. म्हणायचा, माणसं गेल्यावर खोली काय बोलते ते ऐकावं.

घर त्यांचं वरच्या मजल्यावर, बाहेरून लाकडी जिना. संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरात असली की तिला जिन्यावर तो ऐकू यायचा. लहानपणी सायकलवरून पडल्यामुळे त्याची डावी टाच किंचित घासायची. जिन्याच्या मध्यावर तो खांद्यावरची पिशवी बदलायचा, तेव्हा एक पाऊल उशिरा पडायचं. आणि वर पोचला की दारापाशी थांबायचा. लगेच आत नाही. तिनं एकदा विचारलं, "अहो, दारात काय पुतळ्यासारखे उभे राहता?" तर म्हणाला, "आधी ऐकतो, मग येतो. तू भांडी आपटत असलीस तर थोडा वेळ बाहेरच बरा."

तो थांबला की ती आतून विचारायची, "आलात?" त्यावर त्यानं तोंडानं उत्तर कधी दिलं नाही. जोड्याची टाच उंबऱ्यावर दोनदा आपटायची. टक-टक. धूळही झटकली जायची आणि आलो म्हणून सांगूनही व्हायचं. हे रोजचं. संसारात अशा चार गोष्टी असतात, बाहेरच्याला सांगितल्या तर तो म्हणेल, एवढंच?

हो, एवढंच.

त्या काळी धंद्याची रीत फार वाईट होती. कुणी कुणाला काही सांगायचं नाही. चांगली जागा सापडली की ती तिजोरीत ठेवल्यासारखी जपायची. कुठल्या वाड्याचा मालक भला आहे, कुठं वीज पुरते, कुठला पंप दुपारी घरघरतो, सगळं ज्याच्या त्याच्या पोटात. जागा शोधणारा एक गडी होता, त्यानं तर या बाबतीत कमालच केली होती. कुणी काही विचारलं की तोंडात मिठाची गुळणी. सगळे त्याला कुलूप म्हणत आणि त्यालाही त्याचा अभिमान होता.

या कुलपाला गावाबाहेरची एक बंद पडलेली कागदाची गिरणी सापडली. उंच खिडक्या, वरच्या मजल्यावर लांबलचक फळ्यांची जमीन, ऊन असं पडायचं की कॅमेरामन वेडा व्हावा. तिथं त्यानं एक चित्रीकरण केलं. त्यात एका दिव्याच्या स्टँडचा पाय फळीतून आरपार गेला. फळी कुजली होती. यांनी काय केलं? भोकावर सतरंजीचा तुकडा टाकला आणि सामान आवरून निघून आले. मालकाला सांगितलं तर तो जागा बंद करील, दुसऱ्या कुणाला सांगितलं तर जागा हातची जाईल. पुढं गप्पदादाच्या मंडळींना तीच गिरणी दुसरीकडून कळली. मामा तेव्हा गप्पदादाचा मदतनीस होता. त्यानं चहाच्या टपरीवर कुलपाला सरळ विचारलं, "काय रे, ती कागदाची गिरणी बघितलीयस का?" कुलूप चहा फुंकत म्हणाला, "कुठली गिरणी?"

चित्रीकरण खालच्या मजल्यावर झालं. संपल्यावर गप्पदादानं सगळ्यांना बाहेर काढलं. शांतता घ्यायला तो एकटाच वर गेला, वरचा मजला मोकळा आहे, तिथली चांगली मिळेल म्हणून. जिन्याच्या पायथ्याशी जोडे काढून नीट शेजारी शेजारी ठेवले, आवाज नको म्हणून कापडी सपाता चढवल्या. ऊन त्या सतरंजीच्या तुकड्यावरच पडलं होतं म्हणतात. तो यंत्र घेऊन तिथंच जाऊन उभा राहिला.

मामानं जोडे आणि यंत्र घरी आणून दिलं. यंत्रात टेप तशीच होती. वहिनीनं ती ऐकली नाही. ऐकून करायचं काय होतं? तिनं ती ओढून ओढून सगळी उलगडली आणि पुढं स्टुडिओच्या त्या बंद खोलीत कामाला आल्यावर गवताच्या गुंत्यात मिसळून टाकली. माणसाचा शेवटचा आवाज तिनं स्वतःच्या पायाखाली घेतला, तेव्हा तिच्या मनात काय होतं ते तिलाच ठाऊक.

पावलांचं काम तिला स्टुडिओच्या मालकानं दया म्हणून दिलं. आधीचा माणूस मोठ्या शहरात निघून गेला होता. पहिल्याच दिवशी पुरुषाची पावलं हवी होती आणि खोलीत पुरुषी जोडा नव्हता. तिनं घरून आणला, पुढं चिंध्या कोंबल्या, घातला आणि चालली. दोन पावलांत काचेपलीकडे मामाच्या अंगावर सर्रकन काटा आला. डावी टाच घासत होती. नायक दारापाशी आला तेव्हा ती थांबली. पडद्यावरचा नायक थांबला नव्हता, सरळ आत गेला होता. मामानं संकलकाकडून चित्र जुळवून घेतलं. तेव्हापासून इथल्या सिनेमातला प्रत्येक माणूस दारापाशी क्षणभर थांबतो. समीक्षकांनी त्यावर लेख लिहिले, नायकाच्या मनातली घालमेल वगैरे. वहिनीनं वाचून फक्त नाक मुरडलं.

टक-टक मात्र तिनं कधी वाजवली नाही, कुठल्याच चित्रपटात नाही. ती तिची होती.

गप्पदादा गेल्यावर धंदा हादरला. ज्यांना गिरणी माहीत होती त्यांना माना वर करता येईनात. मग मामानं पुढाकार घेतला आणि सोमवारी, चित्रीकरणाला सुट्टी असते त्या दिवशी, स्टुडिओच्या चहाच्या शेडमध्ये सगळ्यांना बोलावलं. ज्याला जे माहीत आहे ते त्यानं उभं राहून सांगायचं. सांगून झालं की टेबलावर थाप मारून म्हणायचं, "सांगितलं." बाकीच्यांनी म्हणायचं, "ऐकलं." बस्स, एवढाच नियम. त्याला नावही पडलं, सांगणं.

आणि बघा, त्या एका सांगण्यानं काय झालं! लाइटवाला सांगू लागला, अमक्या शाळेची वायर जुनी आहे, दोनापेक्षा जास्त दिवे लावू नका. रंगभूषेवाली बाई सांगे, मिशीचा तो नवा डिंक घेऊ नका, माझ्या नटाचा ओठ सुजलाय. एकानं पावसाचा पाइप कसा बनवला ते सांगितलं, दुसऱ्यानं तो सुधारून परत दाखवला. कुणी भिंगाला बुरशी येऊ नये म्हणून काय करतो ते सांगितलं, कुणी कुठल्या शहरात आपला चित्रपट कोण दाखवतं ते. पूर्वी वर्षाकाठी जेमतेम दोन-तीन सिनेमे रडतखडत व्हायचे, ते आता पोस्टरं लावायला भिंती पुरेनात. मोठ्या शहरात पळालेले लोक एकेक करून परत आले. आणि मुख्य म्हणजे त्यानंतर कुणी कुठून पडलं नाही. सगळे म्हणत, गप्पदादाच्या पुण्याईनं.

वहिनी एकाही सोमवारी गेली नाही. "माझा माणूस गेला तेव्हा यांना वाचा फुटली," म्हणायची. "आता बोला म्हणावं, घसा बसेपर्यंत बोला." आणि स्वतःचं काम तिनं कुणाला दाखवलं नाही. पावलं भरताना काचेवर पडदा ओढायची, खोलीला आतून कडी. कितीजण आले शिकायला. कुणाला गोड बोलून, कुणाला पाणउतारा करून, सगळ्यांना तिनं वाटेला लावलं. तिला भीती होती आणि ती भीती साधी होती. ही चाल दुसऱ्या कुणाच्या पायात गेली की तो माझा राहणार नाही. टेप मी तुडवली. आता तो कुठं असेल तर माझ्या पायात आहे. तो मी वाटून टाकू?

पण पाय ऐकतात थोडेच. उजवा गुडघा आधी कुरकुरला, मग सुजला, मग डॉक्टरनं सांगितलं, "जिना बंद." वहिनीनं मान डोलावली आणि त्याच दुपारी जिना चढली. मामाला हेडफोनमध्ये पावलांच्या मागं तिचा कण्हण्याचा आवाज आला. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. न विचारता त्यानं एक मदतनीस ठेवली. पोरगी हुशार होती, कान तिखट, हाडाची कामसू. एकच अडचण होती, ती कुलपाची मुलगी होती. धंद्यानं तिचं नाव अर्थातच किल्ली ठेवलं होतं.

वहिनी तिच्याशी बोलायची नाही असं नाही, बोलायची. "वाळू चाळ. खडी धू. पडदा ओढ आणि बाहेर हो." किल्ली बाहेर व्हायची.

अशात तो चित्रपट आला. दिग्दर्शक नवा होता, डोळ्यांत झोप नाही, दाढीला वेळ नाही. त्याच्या चित्रपटाचा शेवट असा होता, की म्हातारी स्वयंपाकघरात पाठमोरी उभी आहे आणि तिचा परागंदा नवरा फार वर्षांनी परत येतो. पण तो दिसत नाही. कॅमेरा शेवटपर्यंत म्हातारीवरच. नुसती जिन्यावरून पावलं येतात, दारापाशी थांबतात आणि चित्रपट संपतो.

"वहिनी, सगळा शेवट तुमच्या पायांवर आहे," दिग्दर्शक म्हणाला. "तुमच्याकडून झाला नाही तर मला हे दृश्य मोठ्या शहरात पाठवावं लागेल. तिकडचे लोक करतील, पण ते कुणाची तरी पावलं असतील."

वहिनीनं पडद्यावर ते दृश्य पाहिलं. पाठमोरी बाई, चुलीसमोर. हे दुसऱ्या कुणी करायचं नाही, असं तिच्या मनानं तिथल्या तिथं ठरवलं. जोडे घातले, जिन्यापाशी गेली, चढली. चौथ्या पायरीवर गुडघा फिरला आणि ती कठड्याला लोंबकळली. खाली पडली असती, पण दाराची कडी नीट लागली नव्हती म्हणून किल्लीला आत धावता आलं आणि तिनं वहिनीला धरलं.

"सोड मला!"

"वहिनी, पाय—"

"सोड म्हणते ना! आता धरायला आलीय. तुझ्या बापानं तेव्हा तोंड उघडलं असतं तर कुणाला धरायची वेळ आली नसती. कुठली गिरणी म्हणाला. कुठली गिरणी! जा, विचार जा घरी!"

किल्ली रडली नाही. तिनं वहिनीला स्टुलावर बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला आणि मग म्हणाली, "मला विचारायची गरज नाही. बाबा दर सोमवारी सांगतात. तुम्हीच कधी ऐकायला आला नाहीत."

"काय सांगतो?"

"या आणि ऐका," म्हणाली आणि दार ओढून निघून गेली.

आता वहिनीचा स्वभाव असा, की कुणी ये म्हटलं की ती जायची नाही. पण हे तिच्या डोक्यातून जाईना. सोमवारी ती लंगडत शेडपर्यंत गेली आणि आत न शिरता खिडकीखाली उभी राहिली. आत खुर्च्या सरकवल्याचे आवाज, कपबशा, कुणीतरी खोकलं. मग मामाचा आवाज आला, "हं, चल. सांग."

कुणीतरी उठलं. म्हातारा, घोगरा आवाज. तिनं तो कित्येक वर्षं ऐकला नव्हता तरी लगेच ओळखला.

"कागदाच्या गिरणीचा वरचा मजला कुजलाय. खिडकीजवळ सतरंजी आहे, तिच्याखाली भोक आहे. कुणी वर जाऊ नका. सांगितलं."

"ऐकलं," सगळी शेड म्हणाली.

ती गिरणी कधीच पाडली होती. तिथं आता गाड्या उभ्या राहतात. तरी हा माणूस दर सोमवारी उठतो, सगळ्यांच्या आधी, आणि पडून गेलेल्या मजल्याबद्दल सांगतो. आणि कुणी हसत नाही, कुणी म्हणत नाही की पुरे आता. नवी पोरं, ज्यांनी ती गिरणी पाहिलीही नाही, तीसुद्धा म्हणतात, ऐकलं.

तिला वाटलं होतं त्याचा आवाज ऐकून संताप येईल. आलाही. त्या मेल्याला चांगलं झोडावं असं वाटलं. पण संतापाच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. हा माणूस दर सोमवारी त्या मजल्यावर जातो. मी रोज जिन्यावर जाते. दोघं तिथंच अडकलोय. फरक एवढाच, की त्यानं तोंड उघडलंय आणि मी आतून कडी लावून बसलेय. अगं बाई, म्हणजे आता कुलूप कोण?

ती दारातून आत गेली. मामा अर्धा उठला. मागच्या बाकावर कुलूप बसला होता, वाळून काटकी झालेला. तिला बघून त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

वहिनीनं पिशवीतून जोडे काढून टेबलावर ठेवले.

"हे बघा," ती म्हणाली, आणि तिचाच आवाज तिला परका वाटला. "सगळे विचारता ना, वहिनी कशी चालते? ही चाल माझी नाही. तुमच्या दादाची आहे. डावी टाच घासायची. ओढायची नाही, घासायची, ओढली की लंगडा वाटतो. जिन्याच्या मधोमध पिशवी बदलायची, म्हणून एक पाऊल उशिरा. पडद्यावर माणूस दिसत असेल तर त्याच्या पायाकडे बघू नका, सगळे तिथंच चुकतात. खांद्याकडे बघा. पाय टेकायच्या आधी खांदा सांगतो. आणि दारापाशी थांबायचं." तिनं टेबलावरचे जोडे शेजारी शेजारी सरळ केले. "ते थांबायचे. ऐकायचे, आत मी काय करतेय ते. नुसतं थांबायचं नाही, ऐकायचं. थांबलेला माणूस आणि ऐकणारा माणूस यांची शांतता निराळी असते. ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता."

मागं कुणीतरी नाक ओढलं. लाइटवाला डोळे पुसत होता, उगाच धूर गेला म्हणत, शेडमध्ये धूर नव्हता.

"किल्ली, इकडे ये. घाल."

किल्ली पुढं आली. जोडे तिला होडीएवढे झाले. वहिनीनं स्वतः खाली वाकून, गुडघा दुखत असताना, त्यांत चिंध्या कोंबल्या. किल्ली शेडच्या फळ्यांवरून चालली. पहिल्यांदा चुकली. "ओढतेस." दुसऱ्यांदा घाई केली. "तुझी गाडी सुटतेय का?" तिसऱ्यांदा जुन्या मंडळींनी एकापाठोपाठ एक डोळे मिटून घेतले. मामानं तर दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

वहिनीनं मात्र डोळे उघडे ठेवले. टक-टक तिनं सांगितली नाही. एवढं एक राहू दे माझ्याकडे, तिनं मनाशी म्हटलं. बाकी सगळं दिलं की.

मग तिनं टेबलावर थाप मारली. "सांगितलं."

सगळ्यांच्या आधी मागच्या बाकावरून, मान खाली घालूनच, तो घोगरा आवाज आला. "ऐकलं."

ती त्याच्याशी बोलली नाही. त्याला माफ केलं का, असं पुढं कुणी विचारलं तर ती म्हणे, "तुम्हाला काय करायचंय?" पण जाताना त्याच्या बाकाजवळून गेली, लांबच्या वाटेनं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं दृश्य घेतलं. किल्ली खोलीत जिन्यापाशी उभी राहिली. वहिनी पहिल्यांदाच काचेच्या या बाजूला, मामाशेजारी स्टुलावर बसली. मामानं तिच्या कानांवर हेडफोन चढवले. दिग्दर्शक मागं नखं खात उभा होता. खोल्यांमधलं दार उघडंच राहिलं होतं, वहिनीचा पाय सरळ ठेवायला जागा हवी होती म्हणून. मामाला ते बंद करायचं सुचलं नाही.

पडद्यावर पाठमोरी बाई. दिवे मंद झाले.

आणि खालून पाऊल वाजलं.

वहिनीचा हात आपोआप पदराकडे गेला. इतकी वर्षं ती चालली होती, पण चालणाऱ्याला आपली पावलं येताना ऐकू येत नाहीत. ती नेहमी तोच झाली होती. त्याची वाट बघणारी बाई व्हायला तिला मधल्या सगळ्या काळात जमलंच नव्हतं. आता ती आत होती आणि तो बाहेरून येत होता. डावी टाच घासली. एक पायरी, दुसरी. मध्यावर पिशवी बदलली. तिला ठाऊक होतं की ती किल्ली आहे. तिच्या अंगाला ठाऊक नव्हतं. तिला घरातलं तेल तापल्याचा वास आला, खिडकीतून येणारी संध्याकाळ दिसली, ओले हात पदराला पुसायची घाई झाली. पावलं वर आली. दारापाशी आली.

थांबली.

कानात नुसती शांतता. पण रिकामी नाही. कुणीतरी ऐकत होतं.

"आलात?" वहिनी म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली. दार उघडं होतं. मामानं वळून तिच्याकडे पाहिलं, पण त्याचा हात यंत्र बंद करायला पुढं झाला नाही.

टक-टक.

टाच लाकडावर दोनदा आपटली. हलकेच, धूळ झटकल्यासारखी. वहिनीच्या हातातला पदर गळून पडला.

मग खोलीतून किल्लीचा घाबराघुबरा आवाज आला. "अहो, माफ करा, माफ करा! जोडा सैल झाला बहुतेक, चिंध्या सरकल्या वाटतं. टाच निसटली. मला कळलंसुद्धा नाही. पुन्हा घेऊ या का, वहिनी?"

मामानं वहिनीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती चक्क हसत होती, स्वयंपाकघरातून दाराकडे बघणाऱ्या बाईसारखी.

"नको गं," ती म्हणाली. "आलेत ते."